खानदेशातून किनारपट्टीकडे बिऱ्हाड हलवताना थंडीचं काय न्यायचं, काय ठेवायचं

जळगाव-धुळ्याहून ठाणे, वसई, पनवेल किंवा सुरतेला बदली झाली की टेम्पोत सगळ्यात जास्त जागा खातं ते थंडीचं सामान. रजया, गोधड्या, घोंगडी, स्वेटरांनी फुगलेली पेटी. त्यावर लोक सल्ला देतात, दोन वर्षं वापरलं नाही ते टाका. खानदेशाला हा हिशोब लागू होत नाही. उत्तरेचं वारं सुटलं नाही तर धुळ्याचा एखादा हिवाळा मऊ जातो, आणि पुढच्याच वर्षी पहाटे पारा ६-७ अंशांवर येतो. उलट मुंबईत सांताक्रूझला जानेवारीतही किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असतं. म्हणून प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारा: हिवाळ्यात इकडे परत येताना ही अंगावर लागेल का? आणि तिकडच्या दमट हवेत ही टिकेल का?

अंगावरच्या कपड्यांचं सोपं आहे. लग्नं, सारंगखेड्याची यात्रा, घरचं आजारपण, काही ना काही निमित्ताने डिसेंबर-जानेवारीत येणं होतंच, आणि रात्रीच्या स्लीपर डब्यात इगतपुरी-मनमाडच्या पट्ट्यात वारं हाडात शिरतं. माणशी एक जाड स्वेटर किंवा जॅकेट, एक कानटोपी, एक शाल, मोज्यांचे दोन जोड. म्हाताऱ्या माणसांचं याच्या दुप्पट. वाढत्या मुलांचं काहीच जपून ठेवू नका, पुढच्या हिवाळ्यात ते त्यांना होणार नाही.

पाणी तापवायचा रॉड न्या. खोलीचा हीटर देऊन टाका. तांब्याचा बंब गावच्या घरी ठेवा, मोडीत काढू नका. कोळशाची शेगडी मात्र फ्लॅटमध्ये अजिबात नको. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

आता अंथरूण-पांघरूण. सगळे अडतात ते इथेच, आणि मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच. एक तर प्रत्येक गोधडीत कुणाचं तरी लुगडं असतं. त्यात आजी दारात उभी राहून म्हणते, "ली जाय, कामले यी." मग सगळंच उचललं जातं आणि पहिल्या पावसाळ्यात सगळ्यालाच कुबट वास येतो.

माझं मत पक्कं आहे: कापूस भरलेली रजई किनाऱ्याकडे न्यायची नाही. ती धुता येत नाही. इकडे तिला वर्षातून एकदा गच्चीवरचं ऊन मिळतं आणि गठ्ठे झाले की पिंजाऱ्याकडून पिंजून घेता येते, म्हणून ती टिकते. तिकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. कापूस ते ओढून घेतो, आत बुरशी धरते आणि वरचं कापड स्वच्छ दिसत असल्यामुळे घरात खोकला सुरू होईपर्यंत कळत नाही.

गोधडीची गोष्ट वेगळी. दोन-तीन पदरांची पातळ गोधडी खुशाल न्या. ती बादलीत धुता येते, पावसाळा सोडला तर बाल्कनीत एका दिवसात वाळते, पंख्याखाली बारा महिने चालते. सहा-सात पदरांची जाड वाकळ मात्र गावीच राहू द्या, मग ती कितीही जिवाभावाची असो. ओळखायची खूण सांगते: गोधडी चिमटीत धरून पाहा. बोटांना पलीकडचं बोट जाणवलं तर न्यायची, नुसता गोळा लागला तर ठेवायची.

जे न्यायचं ते इथेच कडकडीत वाळवून न्या. तिकडे पोचल्यावर वाळवू म्हणणाऱ्यांचं कधीच वाळत नाही. एप्रिल-मेचं आपलं ऊन इतर वेळी जीव नकोसा करतं, पण या कामाला त्याच्यासारखं साधन नाही. मृगाचा पाऊस येण्याआधी सलग तीन-चार दिवस गच्चीवर पसरा, दुपारी उलटा. वाळलं की नाही हे हात लावून ठरवू नका, कारण उन्हात तापलेलं कापड ओलं असलं तरी कोरडंच वाटतं. बॅग तोलायच्या काट्याला घडी लटकवा आणि रोज संध्याकाळी वजन बघा. वजन कालच्यापेक्षा उतरलं असेल तर आत अजून पाणी आहे. दोन संध्याकाळी काटा जागचा हलला नाही की झालं. मग लगेच गरम गरम भरू नका, सावलीत निवू द्या. आणि सुती पिशवीत किंवा जुन्या धुतलेल्या चादरीत बांधा. हवा ओढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जाहिरात फार होते, पण किंचित ओल राहिलेली वस्तू त्यात कोंडली तर ती सडलीच म्हणून समजा.

लोकरीला ओलीपेक्षा कसरीचं भय जास्त. लोकर खाते ती कसरीची अळी, आणि तिला घामाचे, तेलाचे डाग लागलेली, अंधारात न हलवता ठेवलेली लोकर फार आवडते. म्हणून स्वेटर धुतल्याशिवाय पेटीत टाकायचे नाहीत, एकदाच घातलेले असले तरी. कडुनिंबाचा पाला टाकून कसर मरत नाही. मेच्या उन्हात काळ्या कापडाखाली लोकर तापवली तर अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. घोंगडी रोज बसायला-अंथरायला वापरणार असाल तरच न्या, कपाटात ठेवायला नको. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्या-दुपट्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ चढते.

जे उरलं ते भंगारात घालू नका आणि मेमध्येही वाटू नका. उन्हाळ्यात दिलेलं पांघरूण घेणाऱ्याच्या घरीही अडगळच होतं. भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे बांधून ठेवा आणि दिवाळीला आलात की द्या. रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला जिथे रात्रीची वीज असते तिथे पाणी धरायला माणूस बांधावर उभा असतो, पाय चिखलात. जाड जॅकेट आणि कानटोपी आधी त्याला. रजई सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या घरी, पिंजून, नवी खोळ घालून. फाटकं, उसवलेलं तसंच पुढे करू नका. आधी टाका घाला, धुवा, मग द्या.