रिकामा बसला की बंद पडणारा पीसी

सांगली मार्केट यार्डात मामांच्या हळदीच्या अडतीवरचा पीसी शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढताना बिनतक्रार चालायचा. जेवणाच्या सुट्टीत रिकामा बसला की फट्दिशी बंद. रॅम बदला, असा सल्ला मिळाला. मला पटेना, रॅम बिघडली तर ती कामातही रडवते.

खरी गोम जुन्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये होती. या पीसीत इंटेलचा हॅसवेल प्रोसेसर आहे. २०१३ चे हे प्रोसेसर रिकामे असताना वीज वाचवायला सी६-सी७ नावाच्या अवस्थेत गाढ झोपले की १२ व्होल्टच्या लाइनवरून जेमतेम ०.०५ अँपिअर ओढतात. एवढ्या कमी लोडवर काही जुन्या सप्लायना व्होल्टेज सांभाळता येत नाही आणि पीसी बंद पडतो.

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सीपीयू पॉवर मॅनेजमेंटखाली सी६, सी७ डिसेबल केलं. सी१ई आणि स्पीडस्टेप या हलक्या वीजबचतीच्या सोयी राहू दिल्या. सगळंच बंद केलं तर प्रोसेसर उगाच तापतो. एफ१० दाबून सेव्ह केलं, तेव्हापासून पीसी दुपारभर सुरू असतो. वीज किंचित जास्त जाते, ते मामांना सांगितलेलं नाही. नवा सप्लाय बसला की सेटिंग परत ऑटोवर.