कुत्र्याला टेकडीवर नेताना या चुका टाळा

पुण्यात कुत्रा पाळणाऱ्याला मोकळी जागा शोधतच फिरावे लागते. महापालिकेच्या बहुतेक उद्यानांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी असते, त्यामुळे ज्यांच्या घरी दांडगे जनावर आहे त्यांची पावले शेवटी वेताळ टेकडी, तळजई किंवा हनुमान टेकडीकडे वळतात. या जागांसारखी जागा कुत्र्याला शहरात दुसरी मिळणार नाही. तरीही दर रविवारी तिथे त्याच त्या चुका पाहायला मिळतात, आणि दोष मात्र टेकडीला, मोरांना किंवा भटक्या कुत्र्यांना दिला जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पट्टा लवकर सोडणे. ती मीही केली आहे. आमचा मोती आठ महिन्यांचा होता आणि घरात, जिन्यात, सोसायटीच्या आवारात हाक मारताच धावत येत असे, म्हणून तो शिकला अशी माझी समजूत झाली. वेताळ टेकडीवर एका गृहस्थांनी "अजून बांधूनच फिरवता का?" असे विचारले आणि त्या एका वाक्याखातर मी कडी काढली. पाचच मिनिटांत गिरिपुष्पाच्या झाडीतून एक मोर निघाला आणि मोती त्याच्या मागे खाणीच्या दिशेने दिसेनासा झाला. दोन तास हाका मारून माझा घसा बसला. अखेर तो वेताळाच्या देवळापाशी बसलेला सापडला, पंजा काचेने कापलेला आणि चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. मोर वाचला, हे माझे नशीब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला तो पक्षी आहे, आणि "आमचा नुसता खेळत होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

त्यानंतर मी सुमारे दहा मीटरची साधी सुती दोरी घेतली आणि ती छातीपट्ट्याला बांधली. गळपट्ट्याला मुळीच नाही, कारण धावता कुत्रा दोरी संपताच मानेला हिसका खातो. आपोआप गुंडाळली जाणारी बारीक दोरी मी वापरत नाही, तिने हात कापलेले दोघेजण माझ्या ओळखीत आहेत. पण खरी मेख दोरीत नसून हाकेत आहे. बहुतेक लोक कुत्र्याला फक्त घरी निघताना बोलावतात, आणि चार दिवसांत त्याला कळते की "ये" म्हणजे खेळ संपला. मी एका फेरीत दहा-बारा वेळा बोलावतो, खिशातला उकडलेल्या कलेजीचा तुकडा देतो आणि लगेच पुन्हा सोडतो. उशिरा आला तरी रागावत नाही. आल्यावर मार खाणारा कुत्रा पुढच्या वेळी येईलच कशाला? मोतीची दोरी सुटायला सात महिने लागले, आणि मोरांच्या वस्तीजवळ ती आजही सुटत नाही. एका आठवड्यात कुत्रा शिकवून देणाऱ्या चित्रफिती पाहून येणाऱ्यांना हे ऐकवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

दुसरी चूक उन्हाची. एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता, माणसाला ऊन कोवळे वाटत असताना, पग जातीचे कुत्रे चढावर ओढत नेणारे लोक मी पाहिले आहेत. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. बाकी सारी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर परत फिरावे. उन्हाळ्यात मी साडेसहाच्या आत टेकडीवर असतो आणि आठला उतरतो. कुत्रा अडखळू लागला, लाळ घट्ट झाली किंवा हिरड्या लालभडक दिसल्या, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, उष्णता आत कोंडते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. लसींचा क्रम पूर्ण होण्याआधी, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या आत, पिल्लाला सार्वजनिक मातीत सोडू नये. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तिथे महिनोन्महिने टिकतो. पोटभर खाऊ घालून मोठ्या जातीच्या कुत्र्याला पळवू नये. पावसाळ्यात घरी आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहाव्यात आणि खाणीचे साचलेले पाणी पिऊ देऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. भटक्यांची टोळी आडवी आली तर न ओरडता, न पळता, लांबून वळसा घालावा. तो त्यांचा इलाखा आहे. आणि विष्ठा उचलण्यासाठी पिशवी घरूनच न्यावी. झुडपामागे केली म्हणून ती नाहीशी होत नाही, आणि उद्यानांच्या फाटकांवर त्या पाट्या का लागल्या, हे विचारणाऱ्यांनी टेकडीची पायवाट एकदा खाली मान घालून चालून पाहावी.