वाकड्या भिंतीवर कपाटं सरळ बसवताना
ओट्यावरची कपाटं लावण्याआधी २ मीटरची सरळ पट्टी भिंतीवर आडवी-उभी फिरवा आणि सर्वांत पुढे आलेल्या फुगवट्यावर पेन्सिलीने खूण करा. काम कोपऱ्यातून सुरू केलं तरी सगळ्या कपाटांच्या पाठीची रेषा याच फुगवट्यावरून ठरते. बाकी ठिकाणी राहणाऱ्या फटीत, नेमक्या स्क्रूच्या जागी, प्लायचे पातळ तुकडे सरकवा आणि स्क्रू त्यांच्यातूनच न्या. तुकडा न घालता स्क्रू आवळला तर भिंत थोडीच हलते? कपाटच पिळतं, मग बिजागऱ्या कितीही फिरवा, दारं जुळत नाहीत. शेजारची कपाटं आधी क्लॅम्पने धरून एकमेकांना जोडा, भिंतीचे स्क्रू शेवटी आवळा. टोकाचं कपाट आणि बाजूची भिंत यांच्यातली फट झाकायला वेगळी पट्टी जरा रुंद कापून भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून बसवा.