वॉशिंग मशीन-ड्रायरचं कपाट: रंग नंतर, आधी हवा

ड्राय बाल्कनीतल्या मशीनभोवती कपाट करायचं म्हटलं की सुतार आधी सनमायकाचं कॅटलॉग उघडतो. ते मिटायला लावा. आजवर मी अशी पाच कपाटं करून घेतली. त्यातली दोन माझ्याच घरात, एकाच जागी. दुसरं का करावं लागलं, ते पुढे येतंच.

मापं घ्या. फ्रंट लोड मशीन साधारण 60 सेंमी रुंद आणि 85 सेंमी उंच असतं. खोली मात्र माहितीपत्रकातली धरून चालत नाही, कारण मागे नळ्यांचा बाक येतो आणि पुढे काचेच्या दाराचा फुगवटा. मशीन 60 सेंमी खोल असेल तर कपाट आतून 75 धरा, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडा. ड्रायर वर चढवायचा असेल तर त्याच मॉडेलचा स्टॅकिंग किट, म्हणजे ड्रायर मशीनवर जखडून ठेवणारा जोड, घ्या. "मजबूत फळी ठोकून देतो" म्हणणाऱ्या सुताराला नाही म्हणा. खाली मशीन पिळायला लागलं की वरचा चाळीस-पन्नास किलोचा ड्रायर फळीवरून सरकतो.

नळ, ड्रेन आणि 16 अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट कपाटाआधी. कॉक आणि स्विच मशीनच्या मागे नकोत, बाजूला हाताशी हवेत.

प्लाय आयएस 710चा, म्हणजे मरीन ग्रेडचा. एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डाचं, नावही काढू नका. कपाटाला तळ नको, पाठही नको. मशीन थेट फरशीवर उभं राहू द्या आणि बाजूचे प्लाय कडाप्प्याच्या पट्टीवर टेकवा, म्हणजे फरशी पुसताना कडा पाणी पिणार नाहीत.

आता हवेचं. माझं पहिलं कपाट दिसायला देखणं होतं, दोन्ही शटर गच्च बंद होणारी. ड्रायर साधा, गरम दमट हवा मागून बाहेर टाकणारा. त्याला सुताराने प्लॅस्टिकचा लवचिक पाइप जोडला आणि भिंतीपर्यंत नेला. ऑगस्टमध्ये शटरच्या कडा भिजलेल्या पापडासारख्या वर आल्या. टॉवेल दोन-दोन तास फिरूनही ओलसर. पाइप ओढून काढला तर वळणावळणांत कपड्यांच्या तंतूंची करडी गादी बसलेली, हाताला कोमट. तंतू आणि उष्णता एकत्र आली की आग लागायला फार काही लागत नाही. त्या रात्री मी दोन्ही शटर बिजागऱ्यांसकट उतरवली.

चूक पाइपची होती आणि शटरचीही. ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी त्याला आत ओढावी लागते. बंद कपाटात ती येणार कुठून? अमेरिकेच्या इमारत नियमांत कपाटातल्या अशा ड्रायरसाठी किमान 100 चौरस इंच मोकळी वाट सांगितली आहे. आपणही तोच आकडा धरावा. पण लाकडी लूव्हरच्या, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या, चौकटीत प्रत्यक्ष भोक चौथाईच धरायचं असतं. म्हणजे 24 इंच रुंदीच्या शटरवर जवळजवळ 17 इंच उंच लूव्हर लागतो. सुतार शोभेला चार फटी पाडून देईल, त्यावर समाधान मानू नका.

पाइप चार इंची, अॅल्युमिनियमचा, कडक. प्रत्येक काटकोनी बेंड म्हणजे पाच फूट पाइप वाढल्यासारखा, तेव्हा रस्ता आखूड आणि सरळ ठेवा. सांध्यांना स्क्रू मारू नका, टोकांना तंतू अडकतात. वर फॉइल टेप गुंडाळा. बाहेरच्या तोंडाला जाळी लावायचा मोह होतो, कबुतरं शिरतील म्हणून. जाळी महिन्याभरात लोकरीसारखी भरते. तिथे फक्त हवेने उघडणारी झडप हवी.

एका बाबतीत मी वाद घालत नाही. त्याच बाल्कनीत गॅस गिझर असेल तर हा पाइपवाला ड्रायर तिथे बसवूच नका. खिडक्या बंद असताना तो बाल्कनीतली हवा उपसतो आणि गिझरचा विषारी धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा आत येऊ शकतो.

आज नवीन घेणार असाल तर हीट पंपाचा घ्या; तो हवा बाहेर न फेकता आतच फिरवतो, त्यामुळे भिंत फोडावी लागत नाही. मात्र "याला पाइप नाही, म्हणजे हवाही नको" हे दुकानातलं ज्ञान तिथेच सोडून या. तोही उष्णता आसपास सोडतोच. शटरला खाली आणि वर, दोन्हीकडे लूव्हर ठेवा.

शटर पूर्ण मागे वळणाऱ्या बिजागऱ्यांवर लावा, नाहीतर मशीनचं दार अर्ध्यात अडतं. मग हवा तो सनमायका निवडा.

सुताराचे शेवटचे पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. तेवढेच ओले टॉवेल एकदा शटर उघडी ठेवून सुकवा, एकदा बंद ठेवून. वेळ लिहून ठेवा. बंद शटरला उघड्यापेक्षा दहा मिनिटांहून जास्त लागली तर लूव्हर वाढवायला सांगा. पाइपवाला ड्रायर असेल तर खालच्या लूव्हरसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरा. ती आत ओढली गेली पाहिजे. माझ्याकडे पहिल्या खेपेला ती नुसती लोंबत राहिली होती.