घरी फोटो छापताय? कार्ट्रिज घेताना या चुका टाळा

भाचीच्या बारशाचे फोटो मी घरीच छापले होते. आजीने त्यातला एक हातात घेतला, सवयीने पदराने अलगद पुसला, आणि फोटोतल्या माझ्या बहिणीच्या केसांचा काळा रंग पदरावर उतरला. फोटो छापून दोन दिवस झाले होते, म्हणजे ओलेपणाचा प्रश्न नव्हता. कार्ट्रिज ओरिजिनल होतं, कागदही चांगला ग्लॉसी होता. चुकलं होतं ते शाई आणि कागदाचं जमवणं, आणि घरच्या फोटोंचं बहुतेक नुकसान इथेच होतं.

घरगुती प्रिंटरच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये बरेचदा पिगमेंट शाई असते, रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय. कॅननच्या पीजी-७४५ आणि सीएल-७४६ या जोडीत हेच आहे: पहिलं पिगमेंट काळं, दुसरं डाय रंगीत. पिगमेंट म्हणजे पाण्यात न विरघळणारे बारीक रंगकण. साध्या कागदाच्या तंतूंत ते अडकून बसतात, म्हणून अक्षरं ठसठशीत येतात आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा पसरत नाहीत. ग्लॉसी कागदाच्या गुळगुळीत थरावर मात्र हे कण वरच राहतात आणि बोट फिरवलं की निघतात. डाय शाई विरघळलेली असते, ती त्या थरात मुरते. (महागड्या फोटो प्रिंटरमध्ये ग्लॉसीवर धरणारी पिगमेंट शाईही असते, पण ती वेगळी.)

प्रिंटरला हे ठाऊक असतं. सेटिंगमध्ये पेपर टाइप ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडला, की असे बरेच प्रिंटर काळं कार्ट्रिज बाजूला ठेवतात आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतात. माझ्याकडून सेटिंग ‘प्लेन पेपर’वरच राहिलं होतं. फोटो फिके येतात म्हणून मोठं काळं कार्ट्रिज विकत आणणारे कितीतरी जण मला भेटलेत. अशा प्रिंटरवर फोटोसाठी पैसे घालायचे तर रंगीत कार्ट्रिजवर घाला, काळ्यावर नको.

खोक्यावरचा पानांचा आकडा

हा आकडा फोटोंचा नसतो. आयएसओ/आयईसी २४७११ या पद्धतीने तो ठरावीक चाचणी-पानं साध्या कागदावर छापून काढतात. त्या पानांवर बरीच जागा कोरी असते. फोटोत कोरी जागा जवळपास नसतेच, त्यामुळे ‘दीडशे पानं’ वाचून दीडशे फोटोंचा हिशेब मांडू नका.

तीन रंग एकाच डबीत असलेल्या कार्ट्रिजचं दुखणं आणखी वेगळं. हळदीचे पन्नास फोटो छापून पाहा: पिवळा संपतो, निळसर सायन शिल्लक राहतो, आणि तरी अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. वरचेवर फोटो छापणार असाल तर प्रत्येक रंगाची टाकी वेगळी असलेला प्रिंटर परवडतो. एप्सनच्या एल८०५ सारख्या ६ रंगांच्या प्रिंटरमध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटाही (मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबीसारखा रंग) असतो, त्यामुळे गालावरची सावली दाणेदार न दिसता मऊ उतरते. हा फरक मला खरोखर मोलाचा वाटतो. माणूस चेहरा बघायलाच फोटो हातात घेतो.

दुकानात जाताना जुनं कार्ट्रिज सोबत न्या, निदान नंबरचा फोटो तरी. एचपीचं ६८० आणि ८०३ दिसायला सारखंच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. त्याच नंबरापुढे एक्सएल असेल तर शाई जास्त, एवढाच अर्थ.

रिफिल घ्यावं का?

हॉलतिकीट, पावत्या, मुलांचे प्रोजेक्ट यांना खुशाल घ्या. जपून ठेवायच्या फोटोंना माझं मत नाही असंच आहे. रंग किती टिकेल याचे कंपन्यांचे दावे त्यांच्याच शाई-कागदाच्या जोडीवर केलेले असतात. शाई बदलली की ते लागू होत नाहीत, आणि प्रिंटरचे रंगही त्या शाईसाठी जुळवलेले नसल्याने चेहऱ्यावर वेगळीच झाक येऊ शकते. इंक टँकमध्ये, म्हणजे बाटलीतून शाई भरायच्या टाकीत, तर भलतीच शाई ओतूच नका. डायच्या टाकीत पिगमेंट पडली तर हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) तुंबू शकतं, आणि हेड बदलायचा खर्च शाईच्या बचतीपेक्षा कितीतरी जास्त.

चेहरे विचित्र दिसतात?

नवं कार्ट्रिज आणण्याआधी नोझल चेक, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघांचं चाचणी-पान, छापा. चेहरे हिरवट असतील तर मॅजेंटा येत नाही, निळे-जांभळे असतील तर पिवळा, आणि सगळंच तांबूस असेल तर सायन. रेघा तुटक दिसल्या तर हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा करा. त्यातही शाई खर्च होतेच. तरीही सुधारलं नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा बघा. कार्ट्रिज नवंकोरं असूनही एखादा रंग येत नसेल तर ते काढून चिकटपट्टी पूर्ण निघाली आहे का तपासा. तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावू नका.

रेघा सरळ आहेत, तरी शाई कागदावर थेंबाथेंबाने साचते? मग कागद उलटा गेला असण्याची शक्यता फार. ओलसर बोट कोपऱ्याला टेकवा, किंचित चिकटेल ती छापायची बाजू.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, फोटो-कागदाचं उघडं पाकीट हवेतला दमटपणा ओढून घेतं. कागद वळतो, शाई सुकायला वेळ लागतो. उरलेला कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. छापलेले फोटो एकावर एक रचू नका, आणि काचेच्या फ्रेममध्ये घालण्याआधी किमान एक दिवस मोकळ्या हवेत पण उन्हाबाहेर सुकू द्या.