टँकचं पाणी चहासारखं पिवळं पडलंय? आधी कार्बन धुवा

माशांच्या टँकमध्ये ड्रिफ्टवूड (सजावटीचं लाकूड) टाकलं की पाणी चहासारखं होतं, मग आपण निम्मं पाणी बदलत बसतो आणि चार दिवसांत परत तेच. नेरूळला आमच्या घरी 50 लिटरचा टँक आहे, त्यात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग शोषून घेणारे काळे दाणे, पिशवीत भरून ठेवला आणि दोन दिवसांत फरक दिसला.

1. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात सुटा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन मिळतो, 50 लिटरला चार मोठे चमचे पुरे. चुलीतला कोळसा नको हां, तो वेगळा.
2. पिशवी विकत कशाला, लेकीच्या शाळेच्या डान्सचं नायलॉनचं स्टॉकिंग फाटलं होतं, त्याचाच पाय कापून दाणे भरले आणि गाठ मारली. सैलच भरा.
3. नळाखाली धुवा, धुवा आणि धुवा. पहिलं पाणी काजळीसारखं येतं, ते स्वच्छ होईपर्यंत थांबायचं नाही, मी पहिल्यांदा कंटाळा केला तर सगळ्या वाळूवर काळी भुकटी बसली.
4. फिल्टरमध्ये स्पंजच्या नंतर ठेवा, म्हणजे घाण आधी स्पंजमध्ये अडकते.

साधारण तीन-चार आठवड्यांनी कार्बनची शोषायची ताकद संपते, दिसायला मात्र तो तसाच दिसतो. टँकमागे पांढरा कागद धरून बघा, पिवळट वाटलं की बदला. उकळून परत वापरता येतो म्हणतात, पण घरच्या गॅसवर तेवढी उष्णता येतच नाही.

आणि माशांना औषध देताना पिशवी आधी बाहेर काढा, नाहीतर औषध कार्बनच शोषून घेतो. कोर्स संपला की नवीन कार्बन टाका, उरलेलं औषध निघून जातं. अमोनिया मात्र याने जात नाही, त्यासाठी पाणी बदलावंच लागतं.