द्राक्षरसातले कीटकनाशकांचे अंश: एन्झाइम सेन्सर बांधायचा कसा, वापरायचा कसा

ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांमुळे बंद पडते. कीड मरते ती याच कारणाने. हे एन्झाइम कार्बन इलेक्ट्रोडवर बसवायचे, त्याला ॲसिटिलथायोकोलीन पुरवायचे आणि त्यातून सुटणाऱ्या थायोकोलीनमुळे येणारा प्रवाह मोजायचा. रसात बुडवल्यानंतर प्रवाह किती घटला, यावरून अंशाचा अंदाज बांधता येतो. पण मोजले जाते ते एन्झाइमचे शाबूतपण, आणि ते बिघडवणाऱ्या गोष्टी द्राक्षरसात आधीच असतात: आंबटपणा, टॅनिन, बोर्डो फवारणीतून (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातून) आलेले तांबे. पुढची निम्मी खटपट ही कारणे वेगळी काढण्यासाठी आहे.

सामान आणि द्रावणे

कोबाल्ट थॅलोसायनिन (थायोकोलीनचे ऑक्सिडेशन सोपे करणारे संयुग) मिसळलेले छापील कार्बन इलेक्ट्रोड घ्या. साध्या कार्बनवर थायोकोलीनसाठी 0.7 व्होल्टच्या आसपास जावे लागते आणि तिथे रसातली फिनॉलेही प्रवाह देतात, थॅलोसायनिनमुळे 0.1 व्होल्टवर काम भागते. प्रवाह मोजायला हातात मावणारा पोटेन्शिओस्टॅट (ठरावीक व्होल्ट लावून प्रवाह मोजणारे यंत्र) पुरतो.

बफरसाठी 7.10 ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट आणि 7.46 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड सुमारे 900 मिली पाण्यात विरघळवा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 7.5 वर आणा आणि 1 लिटर करा. क्लोराइड वगळू नका. चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड त्यावरच स्थिर राहतो.

ॲसिटिलथायोकोलीनचे क्लोराइड मीठच मागवा. आयोडाइड स्वस्त मिळते, पण आयोडाइड स्वतःच इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होऊन आकडा फुगवू शकते. 19.8 मिलिग्रॅम 10 मिली पाण्यात विरघळवले की 10 मिलिमोलर साठा होतो. तो बर्फावर ठेवा आणि संध्याकाळी टाकून द्या; बफरमध्ये तर तो एन्झाइमशिवायही हळूहळू फुटतो.

एन्झाइम बसवणे

इलेक्ट्रिक ईल माशाचे एन्झाइम सहज मिळते. प्लॅस्टिकच्या नळीत बफरमधले 5 युनिट प्रति मिली एन्झाइम 20 मायक्रोलिटर, 5 टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन) 20 मायक्रोलिटर आणि शेवटी प्रथिने एकमेकांना जोडणारे 1.25 टक्के ग्लुटाराल्डिहाइड 10 मायक्रोलिटर घाला (बाजारातले 25 टक्क्यांचे द्रावण वीसपट पातळ करून). मिश्रण काही मिनिटांत घट्ट होऊ लागते, म्हणून लगेच प्रत्येक इलेक्ट्रोडच्या मधल्या वर्तुळावर 3 मायक्रोलिटरचा थेंब सोडा. म्हणजे दर इलेक्ट्रोडला 6 मिलियुनिट एन्झाइम पडते. जास्त घालायचा मोह आवरा. एन्झाइम भरपूर असेल तर त्यातले थोडे बंद पडले तरी प्रवाह हलत नाही आणि बारीक अंश निसटतात.

4 अंश सेल्सियसला 40 मिनिटे वाळू द्या, 0.1 मोलर ग्लायसिनमध्ये 10 मिनिटे बुडवा, बफरने धुवा. ग्लायसिन टाळले तर उरलेले ग्लुटाराल्डिहाइड एन्झाइमला हळूहळू मारत राहते.

मोजणी

1 मिलिमोलर ॲसिटिलथायोकोलीनचा 100 मायक्रोलिटर थेंब छापील पट्टीवरचे तिन्ही इलेक्ट्रोड झाकेल असा ठेवा. 2 मिनिटांनी 0.1 व्होल्ट लावा आणि बरोबर 30 व्या सेकंदाचा प्रवाह टिपा. सरासरीपासून 10 टक्क्यांहून दूर जाणारे इलेक्ट्रोड बाजूला काढा. खोलीचे तापमान दिवसभर एकच ठेवा. दुपारी पंखा लावला तरी आकडे सरकतात.

रस सेंट्रिफ्यूज करा. वरचा निवळ भाग 1 मिली घ्या, त्यात 8 मिली बफर आणि शेवटचे प्रमाण 1 मिलिमोलर होईल इतके ईडीटीए घाला. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7.5 करा, बफरने 10 मिली भरा. ईडीटीए तांब्याला बांधून ठेवते. पीएच 8 च्या वर जाऊ देऊ नका, कारण अल्कलीत ऑर्गॅनोफॉस्फेट फुटतात आणि दूषित रसही स्वच्छ दिसतो.

इलेक्ट्रोड या द्रावणात 10 मिनिटे ठेवा, बाहेर काढून बफरने दोनदा धुवा आणि ॲसिटिलथायोकोलीनच्या स्वच्छ द्रावणात पुन्हा मोजा. रसातच थेट मोजू नका: तिथले ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि पॉलिफिनॉल स्वतःचा प्रवाह देतात आणि घट झाकली जाते.

प्रत्येक फेरीत त्याच वाणाचा, अंशमुक्त असल्याची खात्री असलेला, म्हणजे कोरा, रसही मोजा. समजा नमुन्यात प्रवाह 420 वरून 273 नॅनोअँपियरवर आला, म्हणजे 65 टक्के उरला. कोऱ्या रसात 91 टक्के उरला. इथे टक्क्यांची वजाबाकी चुकीची ठरते. 0.65 ला 0.91 ने भागा: 0.71. कीटकनाशकामुळे झालेली घट सुमारे 29 टक्के. 10 टक्क्यांखालच्या घटीवर विसंबू नका. 20 ते 80 टक्के हा भरवशाचा पट्टा.

मापनरेषेसाठी क्लोरपायरिफॉस-ऑक्सॉनचे (क्लोरपायरिफॉसचे एन्झाइमला थेट पकडणारे रूप) 0.5, 1, 2, 5 आणि 10 मायक्रोग्रॅम प्रति लिटर द्रावण कोऱ्या, दहापट पातळ रसात करा. ॲसिटोनायट्राइल 5 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर ते स्वतःच एन्झाइम दाबते. साठा विकत मिळतो तो पातळ, प्रमाणित द्रावणातच घ्या. नायट्राइल हातमोजे आणि धूर-कपाट यांशिवाय बाटली उघडू नका.

काय दिसते, काय दिसत नाही

2003 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस सापडल्याचे जाहीर केले. पहिली दोन या सेन्सरला दिसत नाहीत. पुढची दोन मूळ रूपात एन्झाइमला फारशी पकडत नाहीत; त्यांच्यातला गंधक जाऊन ऑक्सिजन आला की मगच पकडतात. 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षे ज्यामुळे अडली, ते क्लोरमेक्वाट क्लोराइड वाढ रोखणारे संजीवक आहे. तेही यात सापडणार नाही.

मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉससाठी 10 मिली रस 10 मिली इथाइल ॲसिटेट आणि 10 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेटसह हलवा, वरचा थर नायट्रोजनखाली पूर्ण वाळवा आणि बफरमध्ये उतरवा. गंधकाच्या जागी ऑक्सिजन आणण्यासाठी त्यात एन-ब्रोमोसक्सिनिमाइड 0.1 मिलिमोलर घालून 5 मिनिटे थांबा, मग 1 मिलिमोलर ॲस्कॉर्बिक ॲसिडने उरलेले ब्रोमोसक्सिनिमाइड संपवा. रसात ते थेट ओतले तर पॉलिफिनॉलच ते खाऊन टाकतात.

घट खरी आहे का, हे तपासायला तोच इलेक्ट्रोड तासाभराच्या आत 1 मिलिमोलर प्रॅलिडॉक्सिममध्ये (ऑर्गॅनोफॉस्फेटने बंद पाडलेले एन्झाइम पुन्हा चालू करणारे औषध) 15 मिनिटे ठेवा. नीट धुवा, कारण ते ॲसिटिलथायोकोलीनही फोडते. प्रवाह बराचसा परतला तर ऑर्गॅनोफॉस्फेटचा संशय पक्का होतो. नुसत्या बफरमध्येच हळूहळू परतत असेल तर कार्बामेटचा. काहीच परतले नाही तर आधी पीएच आणि टॅनिन तपासा. कुठले कीटकनाशक आणि नेमके किती, हे मात्र एलसी-एमएस/एमएस या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान मापन) ठरते. तिथे पाठवण्यासाठी मूळ रसाचा न उघडलेला भाग गोठवून ठेवा.

उरलेली प्रमाणित द्रावणे आणि पिपेटच्या टिप्स 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर बुडवून मग धोकादायक कचऱ्यात द्या.